घराची फाईल घरमालकाकडेच हवी

पन्हाळ्यावर किंवा पायथ्याच्या गावात तुम्ही घर बांधायला काढलं असेल, वाडवडिलांच्या घराची डागडुजी करायची असेल, नाहीतर दोन खोल्या वाढवून पर्यटकांना द्यायचं मनात असेल, तर चार गोष्टी सांगायच्या आहेत. सिमेंट कुठलं घ्यावं, सळई कुणाची घ्यावी, हे सांगायला पुष्कळ जण भेटतात. घराच्या माहितीचं काय करावं, हे मात्र कुणी सांगत नाही आणि पुढची तीस-चाळीस वर्षं घोळ नेमका तिथेच होतो.

घराची माहिती म्हणजे काय? पाया किती फूट गेला, खाली कठीण दगड लागला की चिकट माती. कॉलममध्ये सळया किती आणि कुठल्या जाडीच्या. पाण्याचा पाइप कुठल्या भिंतीतून वर चढला. सेप्टिक टाकीचं झाकण कुठल्या फरशीखाली गेलं. गच्चीवर कोबा केला तेव्हा वॉटरप्रूफिंगला काय वापरलं. बांधकामाच्या वेळी हे सगळं कुणाला ना कुणाला माहीत असतंच. पण थोडं गवंड्याच्या डोक्यात असतं, थोडं ठेकेदाराच्या वहीत, थोडं इंजिनिअरच्या कॉम्प्युटरमध्ये आणि थोडं नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात. ज्यानं आयुष्याची पुंजी त्यात घातली, त्या मालकाकडे उरते मंजूर नकाशाची एक झेरॉक्स, तीही घडीवर फाटलेली.

गडावरच्या अंबरखान्यात जाऊन बघा. गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठ्या कित्येक शतकं उभ्या आहेत. त्यांचा नकाशा हातात नसला तरी त्या कशा वापरत असतील, हे डोळ्यांनाच कळतं. भिंतीची जाडी दिसते, वर जाणारा जिना दिसतो, छतातून धान्य ओतायची भोकं दिसतात. आपली आरसीसीची घरं तशी उघडी नसतात. त्यांतलं जे जे महत्त्वाचं, ते सगळं झाकलेलं: सळई काँक्रीटच्या आत, वायर भिंतीच्या आत, पाइप फरशीखाली. म्हणून आजच्या घराला त्याची माहिती वेगळी लिहूनच ठेवावी लागते. माझं सांगणं एवढंच आहे, की ही माहिती कॉम्प्युटरवर ठेवा, घर बदलेल तशी ती बदलता येईल अशा रीतीनं ठेवा आणि तिची मालकी स्वतःकडे ठेवा.

पन्हाळ्याला याची गरज जास्त

पन्हाळा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. स्मारकांचा मूळ कायदा १९५८ चा. २०१० साली त्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय काम नाही, हे आता गडावर बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण त्याच कायद्यात एक तारीख आहे, ती लक्षात ठेवा: १६ जून १९९२. पहिल्या १०० मीटरमधल्या घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज करायचा, तर ते घर या तारखेच्या आधीचं असावं लागतं किंवा नंतर रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं असावं लागतं.

म्हणजे पहिला प्रश्न येतो, घर कधीचं? ‘आजोबांनी बांधलंय, सगळ्या पेठेला माहीत आहे’, एवढ्यानं अर्ज पुढे सरकत नाही. घरफाळ्याची जुनी पावती, सिटी सर्व्हेचा उतारा, विजेचं बिल, लग्नात अंगणात काढलेला नि मागे घर दिसणारा फोटो, जे जे सापडेल ते शोधण्यात महिने जातात. दुसरा प्रश्न त्याहून अवघड: घर तेव्हा केवढं होतं? दुरुस्ती म्हणजे होतं ते नीट करणं. होतं ते किती लांब, किती उंच, किती मजल्यांचं, याची मापं नसतील तर दुरुस्तीलाही वाढीव बांधकाम समजलं जाण्याची भीती असते. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळ्यासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्याचा आनंद आहेच. पण ज्या गडावर पेठा आहेत, शाळा आहेत, बाजार आहे, तिथे यापुढे घराघराची विचारपूस वाढेल, हे धरून चालावं. त्या वेळी ज्याच्याकडे मोजमापं आणि तारखा असतील, त्याचं बोलणं वजनदार ठरेल.

दुसरं कारण पाऊस आणि जमीन. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि गाड्यांची ये-जा बंद पडली. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी खाली उतरतं, आणि खाली चिकट माती लागली की ते आडवी वाट काढतं. पाया खोदताना कुठल्या कोपऱ्यात पाणी लागलं, कुठे भराव घातला, ही नोंद दहा वर्षांनी भिंतीला तडा गेल्यावर सोन्याच्या मोलाची होते. त्या वेळी खड्डा बुजलेला असतो आणि खोदणारा कुठे गेला, ते कुणाला माहीत नसतं.

तिसरं कारण असं, की इथलं घर एका रूपात फार दिवस राहत नाही. पुढची पडवी दुकान होते, माडीवर पर्यटकांसाठी खोल्या निघतात, मागच्या गोठ्याचं स्वयंपाकघर होतं. प्रत्येक बदलाच्या वेळी नवा गवंडी येतो आणि अंदाजानं भिंत फोडतो.

रेघा काढणं आणि घर सांगणं

‘आमचा नकाशा कॉम्प्युटरवरच काढलाय की’, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आता सगळेच काढतात. पण कॉम्प्युटरवर काढण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक मालकालाही कळायला हवा.

पहिल्या तऱ्हेत कॉम्प्युटर नुसता पेन्सिलीचं काम करतो. पश्चिमेच्या भिंतीतली एक खिडकी घ्या, चार फूट रुंद नि चार फूट उंच. प्लॅनमध्ये ती म्हणजे भिंतीच्या जाडीत ओढलेल्या दोन-तीन रेघा आणि शेजारी ‘डब्ल्यू १’ असं अक्षर. समोरून दिसणाऱ्या चित्रात ती पुन्हा वेगळी काढलेली. खिडक्यांच्या तक्त्यात तिसऱ्यांदा टाईप केलेली. काम चालू असताना मालकीणबाई म्हणतात, ‘या बाजूनं झड येते, खिडकी लहान करा.’ ड्राफ्ट्समन प्लॅनमध्ये तीन फूट करतो. समोरच्या चित्रात करायचं राहून जातं. तक्त्यात चार फूटच राहतं. गवंडी प्लॅन बघून तीन फुटांचं भगदाड ठेवतो, आणि फॅब्रिकेटर तक्ता बघून चार फुटांची अॅल्युमिनियमची चौकट घेऊन दारात उभा राहतो. मग भिंत फोडायची की चौकट कापायची, यावर सकाळ जाते. खर्च अर्थातच मालकाच्या खात्यावर.

दुसऱ्या तऱ्हेत कॉम्प्युटरला रेघा न सांगता वस्तू सांगायच्या. ही खिडकी, ती या भिंतीत बसलेली, रुंदी एवढी, जमिनीपासून उंची एवढी, चौकट अमुक मालाची. मग प्लॅन, समोरचं चित्र, तक्ता आणि एस्टिमेट हे सगळं त्या एका नोंदीतून निघतं. रुंदी एकदा बदलली की चारही ठिकाणी बदलते, काच कमी होते, वरचा लिंटेल आखूड होतो आणि भिंतीचं प्लास्टर तेवढं वाढतं. हा विचार नवा नाही. अमेरिकेतले संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली तो मांडला होता. नकाशांच्या गठ्ठ्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढावी लागते आणि बदल करताना सगळीकडे हात फिरवावा लागतो, ही त्यांची तक्रार होती. त्याऐवजी इमारतीचं एकच वर्णन कॉम्प्युटरमध्ये ठेवावं आणि हवा तो नकाशा त्यातून काढून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं. आज ज्याला ‘बिम’ म्हणतात आणि ज्याच्या जाहिराती मोठमोठ्या बिल्डरांच्या पत्रकांत दिसतात, त्याचं मूळ या विचारात आहे.

रकाने आपले हवेत

एवढ्यावर भागत नाही. वस्तूंची यादी झाली, पण त्या यादीचे रकाने ठरवले कुणी? सॉफ्टवेअरमध्ये खिडकीला रुंदी, उंची, काचेचा प्रकार, चौकट, किंमत असे रकाने तयार मिळतात. ते ज्यांनी ठरवले, त्यांनी पन्हाळ्याचा आषाढ पाहिलेला नसतो. आपल्याला लागणारे रकाने वेगळे असतात. खिडकी झडीच्या बाजूला आहे का? पावसाळ्यात बाहेरून पत्रा किंवा प्लास्टिक बांधायला हूक ठेवले आहेत का? नव्या विटेच्या भिंतीत बसली आहे की जुन्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीत? माहिती ठेवायची पद्धत लवचिक आहे की नाही, याची पहिली परीक्षा इथे होते: आधीचं काही न मोडता तुम्हाला स्वतःचा रकाना वाढवता आला पाहिजे.

दुसरी परीक्षा अशी, की ‘अजून ठरलेलं नाही’ हे उत्तर त्या पद्धतीत बसलं पाहिजे. घर बांधताना निम्म्या गोष्टी ठरलेल्या नसतात. सॉफ्टवेअरला मात्र उत्तर लागतं; भिंत काढायची तर कुठली भिंत ते सांगा म्हणतं. इंजिनिअर घाईत यादीतली पहिली भिंत निवडतो, तीच एस्टिमेटमध्ये उतरते, आणि सहा महिन्यांनी सगळ्यांना वाटतं की हे मालकानंच ठरवलं होतं. तेव्हा जे ठरलं नाही, ते ठरलं नाही म्हणूनच लिहून घ्या.

तिसरी परीक्षा जुन्या घरांना फार लागू पडते. प्रत्येक माहितीपुढे एक रकाना हवा: हे कळलं कसं? टेपनं मोजलं, डोळ्यांनी पाहिलं, जुन्या कागदावर सापडलं, की नुसता अंदाज? ‘भिंत अठरा इंची’ आणि ‘भिंत अठरा इंची असावी’ ही दोन वाक्यं कॉम्प्युटरमध्ये एकसारखी दिसतात. तुळई बसवणाऱ्याला त्यांतला फरक कळला नाही, तर छत खाली येऊ शकतं.

चौथी परीक्षा म्हणजे एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात नेता आली पाहिजे. सॉफ्टवेअर बदलतं, त्याचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, आणि इंजिनिअरही बदलतो. यासाठी १९९० च्या दशकात सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयएफसी’ नावाचा खुला साचा तयार करायला घेतला. २०१३ साली तो आयएसओ १६७३९ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला. तो कुणा एका कंपनीच्या मुठीत नाही, आणि त्यात स्वतःचे रकाने जोडायची सोय आहे. फ्रीकॅडसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही फाईल उघडते. तुम्हाला हे तांत्रिक वाटलं तरी ‘आयएफसी’ ही तीन अक्षरं लक्षात ठेवा. मागताना उपयोगी पडतील.

आपल्याच तालुक्यातला धडा

हे परदेशातलं खूळ वाटत असेल, तर वारणानगर आठवा. १९९८ साली तिथल्या सहकारी संस्था, राष्ट्रीय सूचना केंद्र आणि राज्य सरकार यांनी मिळून ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू केला. आसपासची सत्तर गावं डोळ्यांपुढे होती. गावात कॉम्प्युटर बसवायचा आणि उसाची नोंद, वजन, खत यांची माहिती शेतकऱ्याला कारखान्यावर हेलपाटे न घालता मिळवून द्यायची, असा बेत. पुढे ते कॉम्प्युटर जुने झाले, त्यांची देखभाल महाग पडू लागली. मग मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन विभागानं वारणेसोबत सात गावांत एक प्रयोग केला: गावातला कॉम्प्युटर काढून तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर चालवायचं. साधा फोन आणि चार अक्षरी संदेश. काम चाललं, खर्च खूपच कमी झाला.

यात बघण्यासारखं हे, की यंत्र बदललं तरी माहिती बदलावी लागली नाही. शेतकऱ्याचं खातं, उसाचं वजन, खताची पोती, या नोंदी स्वच्छ रकान्यांत होत्या आणि कुठल्या एका यंत्राला चिकटलेल्या नव्हत्या. म्हणून काल कॉम्प्युटरवर दिसणारी नोंद उद्या फोनवर दिसू शकली. ऊस उत्पादकाच्या हिशेबाला जे जमलं, ते घराच्या हिशेबाला जमायला हरकत नाही.

बांधकामातही महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीनं ‘ऑटोडीसीआर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं आणि पुणे महापालिकेनं ते वापरात आणलं. इंजिनिअरनं ठरल्या पद्धतीनं काढलेला नकाशा ते वाचतं आणि सामासिक अंतर, उंची, चटई क्षेत्र नियमात बसतं का, ते तपासतं. नागपूर मेट्रोनं त्रिमितीय मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून ‘फाईव्ह-डी बिम’ची पद्धत राबवली. या दोन्हींत एक गोष्ट लक्षात येते. पहिली सोय परवानगी देणाऱ्याची झाली, दुसरी मोठं काम बांधणाऱ्याची. घरात राहणाऱ्याची सोय अजून कुणी केलेली नाही, ती आपली आपल्याला करायची आहे. आणि नियमात पास झालेला नकाशा म्हणजे न गळणारं घर, असंही कुणी समजू नये; ते सॉफ्टवेअर अंतरं मोजतं, गळती शोधत नाही.

नेमकं करायचं काय?

नवं काम काढताय, तर इंजिनिअरशी फी ठरवतानाच फाईलचं बोला आणि साध्या कागदावर लिहून सह्या करा. मागायचं एवढं: मंजूर नकाशाची पीडीएफ, मूळ ड्रॉइंगची डीडब्ल्यूजी किंवा डीएक्सएफ फाईल, मॉडेल केलं असेल तर आयएफसी फाईल, एस्टिमेट एक्सेलमध्ये, नुसत्या प्रिंटमध्ये नको. स्ट्रक्चरल ड्रॉइंग वेगळं मागून घ्या. पुष्कळांना वाटतं की प्लॅनमध्ये सगळं आलं. पण सळईचा हिशेब प्लॅनमध्ये नसतो, तो स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये असतो. आणि काम संपल्यावर ‘प्रत्यक्ष जसं बांधलं तसं’ ड्रॉइंग सुधारून द्यायचं, हे आधीच कबूल करून घ्या. त्याची वेगळी फी मागितली तर द्या, ती वाया जाणार नाही.

काम चालू असताना मालकाच्या हातातला फोन हे सर्वांत चांगलं यंत्र आहे. तीन वेळा फोटो चुकवू नका. पाया भरण्याआधी, खड्ड्यात टेप सोडून खोली दिसेल असा. स्लॅब ओतायच्या आदल्या संध्याकाळी, सळईच्या जाळीवर टेप आडवी ठेवून दोन सळयांमधलं अंतर वाचता येईल असा. भिंतीला झिऱ्या मारून पाइप-वायर बसवल्यावर, प्लास्टरच्या आधी. हा तिसरा फोटो काढताना एक टेप जमिनीपासून उभी धरा आणि दुसरी कोपऱ्यापासून आडवी. पाच वर्षांनी कपाट ठोकायला सुतार ड्रिल लावेल, तेव्हा पाइप कोपऱ्यापासून दोन फूट तीन इंचांवर आहे हे त्याला दाखवता येईल. फोटोला नाव द्या: ‘स्वयंपाकघर, पूर्व भिंत, पाणी’ आणि तारीख. फोटो व्हॉट्सअॅपवर पडून राहू देऊ नका. तिथे ते लहान होऊन येतात आणि फोन बदलला की हरवतात.

फोटोंच्या जोडीला एक तक्ता. कॉलेजात जाणारं पोर घरात असेल, तर अर्ध्या तासात एक्सेलमध्ये करून देईल. रकाने एवढे पुरेत: वस्तू, कुठे आहे, माप, माल, कुणी केलं, तारीख, कसं कळलं. पुढे हवे ते वाढवा. एक नियम मात्र कडक पाळा. बदल झाला तर जुनी ओळ खोडू नका, खाली नवी ओळ लिहा. २०२६ साली टाकी बदलली, तर जुन्या टाकीची ओळ तशीच राहू दे. घर कधी, कसं बदलत गेलं याचा पुरावा त्या ओळींतूनच तयार होतो. कॉम्प्युटर जमतच नसेल, तर हाच तक्ता शंभर पानी वहीत आखा. रकाने स्वच्छ असतील तर वहीतलं कॉम्प्युटरवर चढवणं कधीही सोपं.

जुनं घर असेल, तर आधी ते मोजून घ्या. जुन्या खोल्या काटकोनात असतीलच असं नाही, म्हणून चार भिंती मोजून थांबू नका. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर खोली तिरकी आहे, हे लगेच कळतं. आजकाल फोन फिरवून खोलीचं चित्र तयार करणारी अॅप्स आहेत. ती वापरा, पण त्यातून आलेल्या मापापुढे ‘फोनवरून, अंदाजे’ असं लिहायला विसरू नका. मोजून ठेवलेलं कधी कामी येईल, हे सांगता येत नाही. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं लेसरनं बारीक मोजमाप अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारानं निव्वळ अभ्यासासाठी करून ठेवलं होतं. २०१९ साली चर्चला आग लागली, तेव्हा तो हयात नव्हता. पण चर्च पुन्हा उभं करणाऱ्यांना त्याची मापं उपयोगी पडली.

कोल्हापुरात किंवा पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांनीही यातून अंग काढून घेऊ नये. रेरा कायद्याच्या कलम १९ (५) प्रमाणे ताबा मिळाल्यावर आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे, सामाईक जागेच्या नकाशांसह, मिळणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षं झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिटला आलेला इंजिनिअर पहिल्यांदा स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागतो, आणि कमिटीचे सदस्य एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बिल्डर अजून फोन उचलतोय तोवर ती मागून घ्या.

फाईल झाली की तिच्या दोन प्रती ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. सर्वांत महत्त्वाची पानं कागदावरही छापून ठेवा. वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून बघा. नवरात्राआधी आपण घर धुऊन-पुसून काढतो, तेव्हा पाऊसही सरत आलेला असतो. त्याच दिवसांत यंदा कुठे ओल आली, कुठे गळलं, याची ओळ तक्त्यात लिहा. आणि घराचा आतला नकाशा भेटेल त्याला फॉरवर्ड करत सुटू नका.

‘एवढ्याशा घराला कशाला?’

हा प्रश्न हमखास येतो. दोन खोल्यांच्या घराला मॉडेल कशाला आणि फाईल कशाला? मॉडेल नसलं तरी चालेल, खरंच चालेल. लहान घराला फोटो, तक्ता आणि चार फाइली पुरतात. पण दवाखान्यात जाताना जुनी फाईल सोबत असली, की डॉक्टर तपासण्या नव्यानं सांगत नाही, तसंच हे आहे. फाईल नसेल, तर प्रत्येक दुरुस्तीची सुरुवात फोडाफोडीनं होते, आणि फोडाफोडीचा खर्च लहान घराला मोठ्या घरापेक्षा जास्त जड जातो.

इंजिनिअर आणि ठेकेदार मंडळींनाही विनंती आहे. मूळ फाईल दिली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, ही भीती समजते. पण उलटंही होतं. ज्याच्याकडून नीट फाईल मिळाली, त्याचं नाव मालक चार ठिकाणी सांगतो. मेहनतीचे पैसे जरूर घ्या, माहिती मात्र अडवून धरू नका. रेघांऐवजी वस्तू मांडायची सवय लावून घ्या. पहिल्या दोन कामांना वेळ लागेल, तिसऱ्यापासून एस्टिमेट करण्याचा वेळ वाचेल.

वारणानगरला तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पन्हाळ्याला संजीवनचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट लागतात. एका वर्षी एक पेठ, असं ठरवून त्यांनी गडावरची जुनी घरं मालकाच्या संमतीनं मोजली आणि मापांची फाईल त्या त्या मालकाच्या हातात दिली, तर मुलांचा अभ्यास होईल आणि लोकांकडे पुरावा तयार होईल. नगरपरिषदेनंही भोगवटा प्रमाणपत्र देताना मंजूर आणि प्रत्यक्ष नकाशाची प्रत मालकाला फाईलच्या रूपात परत देण्याची पद्धत पाडावी. त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

तेव्हा जुन्या घरात राहणाऱ्यांनी या रविवारी टेप काढावी आणि निदान एक खोली मोजून तक्त्याची पहिली ओळ लिहावी. घराचं वय सांगणारे कागद कपाटातून काढून त्यांचे फोटो घ्यावेत. ज्यांचं काम चालू आहे, त्यांनी उद्या प्लास्टरवाला येण्याआधी साइटवर चक्कर मारावी. आणि नवं काम काढणाऱ्यांनी फाईलचं बोलणं पहिला अॅडव्हान्स देण्याआधी उरकून घ्यावं. पैसे आपल्या हातात असताना हे बोलणं फार सोपं जातं.